सरकारी चुकांचा बाजारभाव

दोष शोधणाऱ्यांची वाण या जगात कधीच पडलेली नाही. सासू सुनेच्या स्वयंपाकात, समीक्षक कवीच्या वृत्तात, हिशेबतपासनीस खजिनदाराच्या वहीत आणि निवडणुकीचा उमेदवार प्रतिपक्षाच्या चारित्र्यात अनादिकालापासून दोष शोधीत आले आहेत. परंतु या सर्वांचा हेतू, दोष हाती लागताच त्या वस्तूची वा व्यक्तीची किंमत खाली आणावी, एवढाच असतो. दोष दिसताच ज्याचा ऊर आनंदाने भरून येतो, जो त्या दोषापायी वस्तूच्या दर्शनी किमतीच्या शतपट द्रव्य मोजतो, आणि वर विकणाऱ्याचे आभार मानून घरी परततो, असा मनुष्य विधात्याने एकाच जातीचा घडवला आहे, आणि तो म्हणजे टांकसाळीत चुकलेली नाणी जमवणारा संग्राहक होय.

बुधवारी अगर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांच्या दृष्टीस हा गृहस्थ अवश्य पडला असेल. किल्ली नसलेली कुलुपे, कुलूप नसलेल्या किल्ल्या, जोडीदार हरवलेले बूट आणि नाना आकारांचे पाने यांच्या राशींतून वाट काढीत तो नेमका नाण्यांच्या पथारीपुढे येऊन उकिडवा बसतो, खिशातले भिंग काढून डोळ्याला लावतो, आणि २०११ साली चलनातून बाद झालेल्या पंचवीस पैशांच्या ढिगाऱ्यात असा काही गढून जातो की, याचे कोणी आप्त त्या ढिगाऱ्याखाली सापडले आहे की काय, अशी शंका येणाऱ्या-जाणाऱ्यास यावी. विक्रेताही आता पूर्वीइतका भाबडा राहिलेला नाही. पूर्वी एखादे नाणे वेडेवाकडे निघाले तर तो ते स्वतः होऊन बाजूला टाकी. आज तेच नाणे तो प्लॅस्टिकच्या निराळ्या पाकिटात ठेवतो आणि "एरर पीस आहे साहेब, बोट लावू नका," असे बजावतो. निर्दोष नाण्याला वाटेल त्याने हात लावावा. सोवळे पाळायचे ते चुकलेल्या नाण्याचे!

आमचे एक वृद्ध स्नेही या शास्त्रातील अधिकारी पुरुष आहेत. त्यांची सारी हयात जिल्ह्याच्या खजिन्यात अव्वल कारकुनीत गेली, आणि या शास्त्रासाठी याहून उत्तम पूर्वतयारी कोणती असू शकेल, याची आम्हांस कल्पना करवत नाही. रोजकीर्दीत पाच आण्यांचा फरक आला म्हणजे तो फरक शोधून काढण्यापूर्वी, तो आपल्या टेबलावर उद्भवलेला नाही हे सिद्ध करण्याची जी कला सरकारी नोकराला आत्मसात करावी लागते, तिच्यातच ते निष्णात झाले. आणि सेवानिवृत्तीनंतर तीच कला त्यांनी नाण्यांकडे वळवली. नवशिका संग्राहक एखादे नाणे घेऊन त्यांच्याकडे आला आणि "दादा, चूक केवढी मोठी आहे बघा!" असे उत्साहाने म्हणू लागला, की ते चष्म्यावरून त्याच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "केवढी ते राहू द्या. कोणाची, ते सांगा." टांकसाळीच्या दरवाज्याच्या आत घडली असेल तर ती दुर्मिळ वस्तू, आणि त्याच दरवाज्याबाहेर घडली असेल तर ती मोडीत घालण्याची चीज, हे त्यांचे आद्य सूत्र आहे. आजीबाईंनी राणीछाप रुपयाला भोक पाडून तो माळेत ओवला असेल, तर त्या रुपयाचे मोल घसरते. तेच भोक राणी सरकारच्या यंत्राने पाडले असते तर त्याच आजीबाईंच्या नातवंडांनी त्यावर घर बांधले असते. अपराधाचे स्वरूप एकच. अपराधी कोण, यावर शिक्षा अथवा पारितोषिक अवलंबून. ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांनी आपल्या सार्वजनिक जीवनाकडे एकवार दृष्टिक्षेप करावा, म्हणजे नाणकशास्त्र हे काही जगावेगळे शास्त्र नव्हे, अशी त्यांची खात्री पटेल.

अपराधी ओळखण्याची पहिली कसोटी सोपी आहे. ठशात अक्षरे खोल आणि उलटी कोरलेली असतात, त्यामुळे आघात झाला म्हणजे धातू त्या खळग्यांत चढतो आणि नाण्यावर अक्षरे सुलटी व उंच उमटतात. हजारो आघात सोसून ठशाला तडा गेला, तर धातू त्या तड्यातही शिरतो, आणि राजाच्या गालावरून मुकुटापर्यंत एक बारीक उंच रेघ उमटते. तिला बाजारात डाय क्रॅक म्हणतात. उलटपक्षी, नाणे फरशीवर घासले गेले, पोराने खिळ्याने कोरले, किंवा कोणा संशयी सावकाराने आत तांबे आहे की काय हे पाहण्यासाठी त्याला छिन्नी लावली, तर जी खूण राहते ती खोलगट असते. हे सारे आमच्या स्नेह्यांनी एका वाक्यात बसवले आहे: "उंचवटा सरकारचा, खड्डा रयतेचा." महसुली कारभाराचा इतिहास याहून थोडक्यात सांगितलेला निदान आमच्या तरी वाचनात नाही.

दुसरी कसोटी अक्षरे गहाळ झालेल्या नाण्यांची. ठशाच्या खळग्यात वंगण आणि धातूची भुकटी साचून बसली म्हणजे एखादे अक्षर किंवा सालातला एखादा आकडा उमटतच नाही. परंतु नाणे हातोहाती फिरून झिजले तरीही आकडा दिसेनासा होतो. मग यांपैकी कोणते कलम लावावे? तर शेजाऱ्यांकडे पाहावे. शेजारची अक्षरे धारदार आणि एकटेच अक्षर बेपत्ता असेल, तर गुन्हा टांकसाळीचा. सगळी आळीच झिजली असेल, तर तो काळाचा महिमा समजावा, आणि काळाविरुद्ध दाद कोठेच लागत नाही.

चकतीच्या चुका याहून मनोरंजक असतात. धातूचा पत्रा लाटून त्यातून गोल चकत्या कापल्या जातात, आणि करंजीसाठी पोळीवर वाटी फिरवताना ती चुकून आधीच्या भोकावर पडली तर पुरीला जशी चंद्रकोरीएवढी खोच पडते, तशीच खोच त्या चकतीला पडून ती तशीच ठशाखाली जाते. आता अशी खोच कातरीनेही पाडता येते, आणि पूर्वी रुपयाच्या कडा कातरून चांदी गोळा करणे हा काही लोकांचा पोटापाण्याचा धंदाच होता. मग भेद कसा करावा? चकती ठशाखाली जाण्यापूर्वी तिची कड यंत्रात दाबून उंच करतात. जेथे खोच आहे तेथे दाब बसत नाही, आणि तेथे दाब नाही म्हणून तिच्या बरोबर समोरच्या कडेवरही तो पुरता बसत नाही. म्हणून खोच अस्सल असेल तर नाण्याच्या नेमक्या विरुद्ध टोकाची कड पुसट निघते. कातर चालवणाऱ्या लबाडाला नाण्याची एकच बाजू दिसते; समोरच्या बाजूला साक्षीदार उभा असावा लागतो, हे त्याच्या गावीही नसते. आमचे स्नेही खोच पाहतच नाहीत. ते एकदम समोरच्या कडेचा जबाब घेतात.

चकती नीट बसली नाही तर चित्र एका अंगाला सरकते आणि उरलेल्या अंगाला चंद्रासारखी कोरी जागा राहते. हे ऑफ सेंटर नाणे. त्यात सालाचे आकडे शाबूत असतील तर भाव चढतो, कारण चूक झाली ती केव्हा, याची तारीखवार नोंद खुद्द आरोपीनेच करून ठेवलेली असते. दोन ठशांपैकी एक आपल्या जागी फिरला तर नाणे उलटल्यावर मागचे चित्र तिरपे किंवा पार डोक्यावर उभे दिसते. आणि या सर्वांची सम्राज्ञी म्हणजे लाखी. पाडलेले नाणे यंत्राबाहेर पडण्याऐवजी एका ठशाला बिलगून बसते, नवी चकती खाली येते, आणि तिच्या एका बाजूवर खरा ठसा तर दुसऱ्या बाजूवर त्या बिलगलेल्या नाण्याचीच छाप उमटते. परिणामी दोन्ही अंगांना एकच चित्र, एकीकडे उंच व सुलटे, दुसरीकडे खोल व उलटे. प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकातील चांदीच्या नाण्यांतही अशा लाखी आढळतात, त्यावरून टांकसाळीतल्या माणसाचे लक्ष दुपारच्या प्रहरी उडते ही गोष्ट दोन सहस्र वर्षांपूर्वीही नवी नव्हती, असे अनुमान काढावयास हरकत नाही. येथे एका नवशिक्याने आमच्या स्नेह्यांना पेचात धरण्याचा प्रयत्न केला. "दादा, लाखीवरचं चित्र तर खोल असतं. मग तुमच्या हिशेबानं ते रयतेचं झालं की!" ते शांतपणे म्हणाले, "अपवाद नसेल तर तो सरकारी नियमच नव्हे," आणि पुढचे नाणे हाती घेतले.

सरकारी चुकीला असा भाव येऊ लागल्यावर खाजगी क्षेत्राने स्वस्थ बसावे, हे अर्थशास्त्राच्या नियमांना धरून झाले नसते. तेव्हा चुका घडवण्याचे कारखाने निघाले. दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळली म्हणजे खालच्या नाण्यावर वरच्याचे उलटे, खोल चित्र उमटते आणि घरबसल्या लाखी तयार होते. मात्र त्याखाली मूळ चित्राचे अवशेष रेंगाळत राहतात आणि मागची बाजू दाबाने चपटी होते, एवढे गालबोट तिला लागलेले असते. 'शोले' चित्रपटात दोन्ही बाजूंना एकच छाप असलेल्या नाण्याने मैत्रीचा जो पराक्रम केला, त्याने भारावून गेलेल्या गिऱ्हाइकांसाठी एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याची घासलेली अर्धी चकती बसवून देणारे कारागीरही आहेत. कडेच्या आतल्या अंगाने नख फिरवले की सांधा लागतो, आणि दगडावर टाकले की खणखणण्याऐवजी ते खोकल्यासारखा आवाज करते. जुन्या शुद्ध चांदीच्या प्रमाणाचा अखेरचा रुपया १९३९ सालचा. तो अत्यंत दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या रुपयातील आठाचा नऊ करण्याचे उद्योगही झाले. अशा बनावट चुकांविषयी आमच्या स्नेह्यांना जो संताप येतो, तो खऱ्या रुपयाच्या बनावटीविषयीही येत नाही. "खोटा रुपया पाडणारा निदान रुपयासारखा रुपया पाडतो," ते म्हणतात, "पण यांनी चूक सुद्धा प्रामाणिकपणे करू नये?"

नवशिक्यांच्या उत्साहाचीही एक कथा आहे. आपल्या टांकसाळी नाण्यावर सालाखाली आपापली खूण घालतात: मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचे टिंब. कलकत्त्याच्या टांकसाळीने मात्र कोणतीच खूण न घालणे हीच आपली खूण ठरवली आहे. त्यामुळे दर पावसाळ्यात कोणी तरी उमेदवार, खूण घालायची राहून गेलेले कोट्यवधींतले एकमेव नाणे सापडल्याच्या आनंदात धावत येतो, आणि त्याच्या खिशातल्या उरलेल्या सुट्या पैशांत तशीच आणखी चार निघतात.

आतापर्यंत वर्णिलेला सारा व्यवहार यंत्रयुगातला आहे. मुंबईच्या कोटात कॅप्टन हॉकिन्स यांनी १८२९ च्या सुमारास टांकसाळीची इमारत उभी केली, तेथे वाफेची यंत्रे खडखडू लागली, आणि १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेनांचा एकसारखा रुपया सुरू झाला, तेव्हापासून नाणे नाण्यासारखे असावे ही अपेक्षा निर्माण झाली. आणि अपेक्षा निर्माण झाल्याशिवाय अपेक्षाभंगाला किंमत येत नाही. त्यापूर्वीच्या हातघडणीच्या काळात एक ठसा ऐरणीत, दुसरा हातात, मध्ये चकती आणि वरून हातोडा, असा प्रकार होता. त्यातही ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे बादशहाच्या लांबलचक बिरुदावलीतून त्या दिवशी जेवढी चकतीवर मावेल तेवढी प्रजेच्या पदरात पडे. एका रुपयावर बादशहाचे शिर, दुसऱ्यावर त्याचे धड, आणि टांकसाळीचे गाव तिसऱ्यावर, अशी विभागणी असल्यामुळे एक पूर्ण वाक्य वाचण्यासाठी गृहस्थाला बऱ्यापैकी सधन असावे लागे. परिणामी आजच्या बाजारात एक मौज उत्पन्न झाली आहे: यंत्राच्या नाण्यावर मजकूर अपुरा असेल तर भाव चढतो, आणि हाताच्या नाण्यावर मजकूर पुरा असेल तर भाव चढतो. ज्या काळी जे दुर्मिळ ते मोलाचे. हातोड्याच्या काळात बिनचूकपणा दुर्मिळ होता, एवढाच याचा अर्थ.

शिवराईचेच उदाहरण घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' एवढाच मजकूर; परंतु त्या मोजक्या अक्षरांत ठसे कोरणाऱ्यांनी जे वैविध्य दाखवले आहे त्यापुढे आमच्या शाळाखात्याच्या उत्तरपत्रिका फिक्या पडाव्यात. कोठे शिव, कोठे सिव. कोठे ऱ्हस्व पति, कोठे दीर्घ पती. कोठे अक्षर उलटेच कोरलेले. पुढे पेशवाईत दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई आली आणि तिनेही ही परंपरा अभंग ठेवली. मराठेशाहीत टांकसाळ चालवण्याच्या सनदा सोनार-सावकारांस मिळत, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी या टांकसाळींवर स्वतंत्र निबंधच लिहिला आहे. त्या काळी सरकारची करडी नजर असे ती हिणाच्या प्रमाणावर, वेलांटीच्या प्रमाणावर नव्हे. तांबे पुरे भरले की राजा शिव ऱ्हस्व की दीर्घ, यावर कोणत्याही मावळ्याने भाजी परत केल्याची नोंद नाही. पुण्याच्या अंकुशी रुपयावर तर खूण अंकुशाची, नाव दिल्लीच्या शाह आलमचे आणि लिपी फारसी. अशा वेळी अक्षर कोरणाऱ्याने ते वाचूनच कोरावे असा आग्रह धरणे क्रूरपणाचे झाले असते. येथे आमच्या स्नेह्यांचे सूत्र डळमळू लागते. चूक टांकसाळीची खरी, परंतु ती इतक्या जणांनी, इतक्या वेळा आणि इतक्या निश्चिंतपणे केली आहे की, तिला चूक म्हणण्याचे धैर्य होत नाही. संग्राहकांनी यावर तोड काढली आहे: ते तिला प्रकार म्हणतात, आणि प्रकारांना क्रमांक देतात.

यापुढची पायरी म्हणजे मुद्दाम केलेली चूक. आणि येथे कंपनी सरकारचे कर्तृत्व आठवल्यावाचून गत्यंतर नाही. रुपयावर बादशहाच्या जुलूसाचे, म्हणजे राज्यारोहणापासूनचे, साल असे, आणि रुपया जुना होताच सराफ त्यावर बट्टा कापीत. वजन तेच, चांदी तीच, केवळ वय वाढले म्हणून मोल घटले. सराफांची ही खोड मोडण्यासाठी कंपनीने १७९३ च्या सुमारास असा तोडगा काढला की, यापुढे बंगालच्या प्रत्येक रुपयावर शाह आलमच्या जुलूसाचे १९ वे वर्षच घालावे. नाणे पाडावे कलकत्त्यास, त्यावर गाव लिहावे मुर्शिदाबाद, आणि सन लिहावा तो केव्हाच उलटून गेलेला! बादशहाचे डोळे १७८८ साली गेले आणि प्राण १८०६ साली, तरी कंपनीच्या रुपयावर त्याचे एकोणिसावे वर्ष काही सरेना. पुढे राणीच्या अमलातही हा वसा टाकला गेला नाही. १८६२ हे साल असलेले रुपये १८७४ पर्यंत पडत राहिले, आणि कोणता रुपया खरोखर कोणत्या वर्षीचा, हे ओळखण्यासाठी संग्राहक आज त्यावरील बारीक टिंबे मोजीत बसतात. एखाद्या शेतकऱ्याने तगाईच्या कागदावर बारा वर्षे मागचे साल घातले असते तर त्याच्यावर फौजदारी झाली असती. हे दोन्ही रुपये आम्ही आमच्या स्नेह्यांपुढे ठेवले तेव्हा त्यांनी ते आदरपूर्वक परत केले. "ही चूक नाही," ते म्हणाले, "हे धोरण आहे. धोरणाला भिंग लावायचं नसतं."

आणि चूक पुरेशी शतके चालू राहिली तर तिचे काय होते, याचे उत्तर गधैया नाण्यांनी देऊन ठेवले आहे. इराणच्या सासानी बादशहांपैकी पेरोझ याची चांदीची नाणी हूणांबरोबर पाचव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आली; एका बाजूला मुकुटधारी राजा, दुसऱ्या बाजूला पेटलेली अग्निवेदी आणि तिच्या दोहों अंगांना दोन सेवक. ती लोकांच्या अंगवळणी पडली, म्हणून येथील ठसेकारांनी त्यांची नक्कल केली. मग पुढच्यांनी त्या नकलेची नक्कल केली, आणि त्यांच्या पुढच्यांनी तिचीही. प्रत्येकाने थोडे चुकावे आणि मागच्याचे चुकले आहे हे कोणाच्याच ध्यानात येऊ नये, अशा रीतीने राजस्थान-गुजरात-माळव्याकडे काही शतके गेली, आणि तोवर राजाचे नाक एक रेघ झाले, डोळा एक टिंब झाला, मुकुट विरघळला, सेवक काड्या झाले आणि अग्नी ठिपक्यांच्या रूपाने उरला. राजा नाण्यावरून पदच्युत झाला, परंतु इतक्या सावकाश की खुद्द नाण्यालाही पत्ता लागला नाही. बाजारात ते बिनतक्रार चालत राहिले. आमच्या महाराष्ट्राच्या अंगणातही पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरील ग्रीक अक्षरे अशीच हळूहळू अर्थ टाकून नक्षीत विलीन झाली. एकाने एकदा केली तर चूक, अनेकांनी अनेकदा केली तर प्रकार, सरकारने ठरवून केली तर धोरण, आणि आजोबांपासून चालत आली तर परंपरा. नाणकशास्त्राच्या या चार पायऱ्या ज्याला कळल्या त्याला इतर अनेक शास्त्रे आपोआप अवगत होतात.

मात्र दिसेल त्याला चूक म्हणण्याची घाई करू नये. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून अधिक संख्येचा साठा सापडला, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर राजाच्या मुखावरच दुसरे ठसे उमटलेले दिसले. आजचा उतावळा संग्राहक त्यांना दुहेरी छापाची चूक म्हणून मोकळा झाला असता. वस्तुतः गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव करून त्याचीच नाणी पुन्हा आपल्या ठशाखाली घातली होती. चांदी वाया घालवायची नाही आणि पराभूताला विसरूही द्यायचे नाही, असा हा काटकसरीचा विजयोत्सव होता.

याच्या अगदी उलट, जेथे टांकसाळीने यंत्र, चकती, ठसा यांपैकी कशातही कसूर केली नाही आणि तरीही साम्राज्य हादरले, असा प्रसंग १९११ साली घडला. पंचम जॉर्ज बादशहांचा नवा रुपया आला. त्यांच्या अंगावरील झग्याच्या साखळीत एक हत्ती होता. तो इतका चिमुकला आणि त्याची सोंड इतकी आखूड, की लोकांना तो डुक्कर वाटला. बादशहाच्या छातीवर डुक्कर, आणि तो रुपया हिंदू-मुसलमान दोघांच्याही कनवटीला! काडतुसांच्या चरबीने १८५७ साली काय केले हे विसरण्याइतके इंग्रज विसराळू नव्हते. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांपैकी सुमारे ७ लाखच बाहेर पडले होते. उरलेले भट्टीत गेले, आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला हत्तीपणाची निःसंदिग्ध लक्षणे प्रदान करण्यात आली. राजकीय सुधारणांचा हप्ता मागून मागून काँग्रेसचे घसे कोरडे पडले होते. सोंड मात्र वर्षाच्या आत लांबली. तो डुक्कर-रुपया आज चांगला भाव खातो, परंतु आमचे स्नेही त्याला आपल्या संग्रहात थारा देत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, ठसा चित्राबरहुकूम होता, छाप ठशाबरहुकूम होती, टांकसाळीने हुकमाची तामिली केली; चूक झालीच असेल तर ती चित्र काढणाऱ्याची, आणि तो खातेबदल आहे.

या खात्याच्या जाणिवेतूनच त्यांनी एक विचार मांडला आहे, जो आम्हांला या विषयावरील त्यांचा शेवटचा शब्द वाटतो. टांकसाळीत नाणी बाहेर सोडण्यापूर्वी त्यांची तपासणी होते आणि चुकलेली वेचून पुन्हा वितळवली जातात. म्हणजे बाजारात आलेले प्रत्येक एरर पीस एका चुकीचे नव्हे, दोन चुकांचे अपत्य होय: यंत्र चुकले, आणि तपासनिसाला डुलकी लागली. यंत्राचे काम सगळे संग्राहक वाखाणतात. त्या अज्ञात तपासनिसाचे नाव कोणी घेत नाही. त्याने त्या क्षणी डोळे उघडे ठेवले असते तर संग्राहकांच्या अर्ध्या पेट्या रिकाम्या राहिल्या असत्या, प्रदर्शनांतली दालने ओस पडली असती आणि जुन्या बाजारातल्या पथाऱ्यांवर पंचवीस पैसे पंचवीस पैशांनाच विकले गेले असते. स्वतः हयातभर तपासणी केलेल्या माणसाला या डुलकीची जी कणव येते ती इतरांना येणार नाही. टांकसाळीत नवी यंत्रे बसवल्याची आणि तपासणी अधिक कडक केल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की ते पान दुमडून ठेवतात आणि कोणी जवळचे आजारी असावे तशा सुरात विचारतात, "फारच कडक केली आहे का हो?"

परवा त्यांनी आपल्या सिद्धान्ताची लोकमानसावर चाचणी घेण्याचे ठरवले. त्यांच्याजवळ एक रुपयाची कोरी चकती आहे. वजन पुरे, कड उठवलेली, पण ठसाच पडायचा राहून गेलेला. प्रदर्शनात तिला चार आकड्यांत मागणी आली होती. ती त्यांनी बसमध्ये तिकिटाच्या पैशांत मिसळून कंडक्टरच्या हातावर ठेवली.

कंडक्टरने ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाला, "आजोबा, ह्याला छापच नाही."

"टांकसाळीची चूक आहे ती," आमचे स्नेही अभिमानाने म्हणाले.

"कुणाची का असेना. दुसरा काढा."

त्यांनी निमूटपणे दुसरा रुपया दिला आणि चकती परत खिशात टाकली. पुढच्या थांब्यापर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग हळूच आमच्याकडे वळून म्हणाले की, माणूस कामाला चोख दिसतो, हिशेबालाही पक्का असावा; पण चूक कोणाची हे न विचारताच जो ती परत करतो, त्याचा आमच्या खजिन्यात दोन दिवसही निभाव लागला नसता.